मेल्टडाउन (स्मृति-प्रकटन दोष)

कार्यप्रणालीने स्वतःकरिता राखून ठेवलेली गोपनीय स्मृती, तिच्यावर कसलाही अखत्यार नसलेल्या सामान्य आज्ञावलीस वाचू देणारा हा दोष ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाला. त्या काळातील इंटेलचे बहुतेक प्रोसेसर वेगासाठी पुढील आज्ञा आगाऊच पार पाडतात. परवानगी नाही असे ठरताच ते काम रद्द होते खरे, परंतु शिरोड्याच्या मिठागरात पाणी आटल्यावर मीठ मागे उरावे, तशी त्याची खूण कॅशमध्ये उरते आणि वाचनास लागणारा वेळ मोजून ती हुडकता येते. ग्राट्स येथील संशोधकांनी २०१७ साली, वस्तुतः निराळ्याच हल्ल्याच्या बंदोबस्तासाठी, सुचविलेल्या ‘कायझर’ योजनेवरून, या दोषावर उपाय म्हणून, लिनक्सने ४.१५ या आवृत्तीत गाभ्याची व वापरकर्त्याची पृष्ठकोष्टके विभक्त केली. त्यामुळे कामाच्या स्वरूपानुसार गती कमीअधिक मंदावते, तरी हा भुर्दंड रास्तच मानला पाहिजे.