जाग आणि भान : मेंदूविषयीच्या एका भेदाचा इतिहास

मराठीत 'जाग' आणि 'भान' हे शब्द भिन्न आहेत. जागा असलेला मनुष्य भानावर असतोच, असे आपण मानीत नाही. शरीरक्रियाविज्ञानाला मात्र हा भेद पायरीपायरीने गाठावा लागला.

विसाव्या शतकाच्या आरंभी निद्रा ही बहुधा अभावात्मक अवस्था समजली जाई. इंद्रियांकडून येणाऱ्या संवेदना ओसरल्या की मेंदू आपोआप झोपी जातो, अशी ती कल्पना होती. तिला पहिला धक्का एका साथीने दिला. १९१६-१७ मध्ये व्हिएन्ना येथे कॉन्स्टँटिन फॉन एकॉनोमो यांना मस्तिष्कदाहाचे विलक्षण रुग्ण आढळले. पुष्कळ रुग्ण अहोरात्र झोपत. काहींना झोपच येत नसे. शवविच्छेदनात पहिल्या गटात अधोथॅलॅमसाचा मागील भाग व मध्यमस्तिष्क यांच्या सांध्यापाशी, तर दुसऱ्या गटात अधोथॅलॅमसाच्या पुढील भागात विकृती दिसली. जाग आणि झोप या दोहोंसाठी मेंदूत निरनिराळी स्थाने असावीत, असे अनुमान त्यांनी काढले.

तथापि जुनी कल्पना लगेच मावळली नाही. १९३५ मध्ये बेल्जियमचे फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजराचा मस्तिष्कस्तंभ मध्यमस्तिष्काच्या पातळीवर छेदला, तेव्हा वरील मेंदूत झोपेतल्यासारख्या मंद विद्युत्-लहरी दिसू लागल्या. निरीक्षण अचूक होते. परंतु त्याचे कारण त्यांनी संवेदनांचा खंड हेच मानले. त्या छेदाने संवेदनामार्गांखेरीज आणखी काय तुटले, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर १९४९ मध्ये ज्युसेप्पे मोरुझ्झी व होरेस मॅगून यांनी दिले. मस्तिष्कस्तंभाच्या गाभ्यातील चेतापेशींच्या जाळ्याला विद्युत्-उत्तेजन देताच मंद लहरी लोपून जागेपणाच्या जलद लहरी उमटल्या. पाठोपाठ मॅगून व डोनाल्ड लिंड्स्ली यांच्या प्रयोगांत असे दिसले की, संवेदनामार्ग तोडले तरी मांजर जागे राहू शकते. ते मार्ग राखून गाभा नष्ट केल्यास मात्र ते निद्रावस्थेत जाते. जाग ही बाहेरून येत नाही, मेंदू ती स्वतः निर्माण करतो, हे यावरून सिद्ध झाले. पुढील संशोधनाने या जाळ्याच्या जागी नॉरॲड्रेनॅलिन, हिस्टामिन इत्यादी द्रव्ये स्रवणारे अनेक पेशीसमूह दाखविले. १९९८ मध्ये अधोथॅलॅमसातील ओरेक्सिनाचा शोध लागला.

पण जागेचा उलगडा म्हणजे भानाचा उलगडा नव्हे. १९७२ मध्ये ब्रायन जेनेट व फ्रेड प्लम यांनी, डोळे उघडतात पण भानाची कोणतीही खूण देत नाहीत, अशा रुग्णांच्या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. मस्तिष्कस्तंभ शाबूत असल्याने त्यांची जाग टिकलेली असते. २००६ मध्ये एड्रियन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका तरुणीला, आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करण्यास सांगितले. तेव्हा चुंबकीय प्रतिमांकनात तिच्या मेंदूचे, निरोगी मनुष्यात जे भाग कार्यरत होतात तेच भाग कार्यरत झाले.

एका रुग्णावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. तरीही या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रथम झोप हा केवळ संवेदनांचा अभाव मानला गेला. नंतर प्रतिसादाचा अभाव हाच भानाचा अभाव मानला गेला. दोन्ही वेळा न दिसलेली गोष्ट नसलेली समजली गेली. पहिल्या गृहीतकाने सिद्धान्त चुकला. दुसऱ्याने रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या वैद्याचा निर्णय चुकू शकतो.