वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचा मका

वर्ध्याचा एक मुलगा बंदूक चालवायला शिकावे म्हणून देश सोडतो, आणि पुढे साता समुद्रांपलीकडच्या खेड्यात शेतकऱ्यांना मका कसा पेरावा हे शिकवताना आढळतो! कादंबरीकाराने असे लिहिले तर आपण हसू. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे आयुष्य मात्र असेच गेले.

त्यांचा जन्म १८८४ चा. टिळकांच्या राजकारणाने भारलेला हा तरुण जपानमार्गे अमेरिकेस पोचला. तेथे लष्करी शाळेत कवायत केली आणि कॉलेजात शेतकीचे शिक्षण घेतले. ऑरेगनच्या लाकूडगिरण्यांत राबणाऱ्या हिंदी मजुरांत संघटना बांधली. मग १९१३ चा गदर पक्ष, महायुद्धात इराणातली धामधूम, बर्लिन, मॉस्को. हा भाग रोमहर्षक खरा, पण पुष्कळांनी सांगितलेला. तो येथे सोडू.

१९२४ साली ते मेक्सिकोत आले. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे मायदेशाची वाट बंद होती. मेक्सिकोत क्रांती होऊन जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटल्या जात होत्या. पण सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे कणगी भरते काय? पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या कुळाला बियाणे, खत, बाजारभाव यांचा हिशेब कोणी शिकवलेलाच नसतो. खानखोज्यांनी नेमके येथेच बोट ठेवले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात, म्हणजे पूर्वी एका जमीनदाराच्या असलेल्या वाड्यात, ते प्राध्यापक झाले; परंतु त्यांचा जीव रमला तो खेड्यांत. शेतकरी संघटनांच्या साह्याने त्यांनी मोफत कृषिशाळा काढल्या. त्यांतल्या चिकोन्कुआकच्या शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो सापाता याचे नाव होते. वर्ग शेतावर, विद्यार्थी मातीत हात घालणारे. जमीन मिळवण्यासाठी एकवटलेल्यांना ती पिकवण्यासाठीही एकत्र ठेवायचे, असा हा खटाटोप होता. इकडे स्वतः मास्तर मक्याचा रानटी गवती सोयऱ्याशी संकर करून नवे वाण काढीत होते.

चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा स्नेही. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील त्याच्या भित्तिचित्रात पाव वाटणारा जो पुरुष आहे, त्याचा चेहरा खानखोज्यांचा, असे सांगतात. १९३६ साली त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी लग्न केले. दोन मुली झाल्या, थोरलीचे नाव सावित्री.

देश स्वतंत्र झाला तरी जुनी काळी यादी फाडायचे कोणाला सुचले नव्हते! परवान्याचा अर्ज प्रथम नाकारला गेला. शेवटी ते आले. १९५५ नंतर कायमचे नागपूरकर झाले. चापिंगोच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली.

२२ जानेवारी १९६७ रोजी ते नागपुरास वारले. त्या हिवाळ्यात पंजाबच्या शेतांत मेक्सिकोहून आणलेला गहू उभा होता. तो वाण नॉर्मन बोरलॉग यांचा, खानखोज्यांचा नव्हे. पण त्या संशोधनाचेही एक ठाणे चापिंगोलाच होते.