लाखेचे बारा हजार

बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांचे लाख मोजणाऱ्या माणसाला ‘लाख’ या शब्दाविषयी फारशी आपुलकी उरत नाही. पातूरला बदली होऊन आलो तेव्हा माझा लाखेशी संबंध दोनच प्रकारचा होता. एक लोकांच्या पासबुकातला, आणि दुसरा पार्सलावर मारायच्या सीलमधला. मेणबत्तीवर वितळवलेल्या लाखेनं बोट भाजून घेण्यात मी शाखेत पहिला होतो, एवढीच माझी या क्षेत्रातली ज्येष्ठता.

ती वाढवली आमच्या आजोबांनी. ते गेले तेव्हा मागं बालगंधर्व वगैरे मिळून तेवीस रेकॉर्डी ठेवून गेले. इतकी वर्षं त्या गोणपाटात गुंडाळून माळ्यावर होत्या. आई म्हणाली, “अरे, एक पेटी तरी कर त्यांना. माणसांना घर आहे, त्यांना का नको?” पुण्याच्या चुलतभावाकडे फर्निचरातून उरलेला बर्च प्लायवुडचा तुकडा होता. तो त्यानं पाठवला आणि ‘इंपोर्टेड आहे’ असं फोनवर तीनदा सांगितलं.

बर्च म्हणजे आपलं भूर्ज हो! त्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. १८८१ साली पेशावरजवळ बख्शाली गावी गणिताचं एक जुनं हस्तलिखित सापडलं, ते भूर्जपत्रावरच आहे. त्यात ऋण संख्येपुढं चक्क आजच्या अधिक चिन्हासारखी खूण केलेली असते. ही पद्धत आमच्या बँकेनं स्वीकारली तर थकीत कर्जांचा प्रश्न एका दिवसात सुटेल. असो. प्लायवुडचा बर्च मात्र हिमालयातला नव्हे, बहुतेक रशिया-फिनलंडकडचा. पेन्सिलीला टोक करताना साल निघते तसा गोल खोडाचा पातळ पापुद्रा सोलतात आणि असे पापुद्रे आडवे-उभे चिकटवतात. त्यामुळे वरच्या थरात लाकडाच्या रेषा कुठं पडून असतात, कुठं डोकं वर काढतात. मग रंग एके ठिकाणी घटाघटा प्याला जातो आणि शेजारी त्याला कोणी तोंडही लावत नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी बाजारातून सागवानी रंगाचा डबा आणून पेटी रंगवून मोकळा झालो. सकाळी पाहतो तो झाकणभर काळे-पिवळे ढग! सौ.नं बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, “हा वऱ्हाडचा नकाशा का? टँकरची गावं काळी केलीत वाटतं.”

शेवटी सुतारमिस्त्रींना शरण गेलो. त्यांनी पेटीवर बोट फिरवलं.

“सायेब, हे लाकूड लय अधाशी हाय. याले आधी लाख पाजा लागते. पोट भरलं का मंग रंग बेतानं पिते.”

त्यांनी रंग घासून काढला. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, अगदी पाण्यासारखी पातळ करून एक हात मारला. वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर हलकासा फिरवला आणि मग रंग दिला. तो थोडा फिका बसला, पण असा सारखा, की जणू सरकारी जमाखर्च. वरून पुन्हा लाखेचे हात, कापडाच्या बोळ्यानं. याला ते ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणत होते.

फ्रेंच कसलं? लाख आपली. पळस, कुसुम, बोर या झाडांवर एक इवलासा किडा रस शोषून अंगाभोवती जे कवच करतो, ती लाख. किलोभर लाखेला तीन लाख किडे लागतात म्हणे. एक लाख हा आकडा याच किड्यांच्या गर्दीवरून आला, असंही काही सांगतात. खरं असेल तर माझा पगार किडे देतात असं म्हणायला हरकत नाही. महाभारतातलं लाक्षागृह याच मालाचं. आणि १५८३ साली गोव्याला येऊन आर्चबिशपच्या कचेरीत चिटणिशी करणारा लिन्स्खोतेन नावाचा डच कारकून (म्हणजे आमचाच जातभाई) १५९६ च्या आपल्या ग्रंथात लिहून गेला की, इथले कारागीर लाकूड चरकावर फिरवता फिरवता त्यावर रंगीत लाखेचा खडा टेकवतात, घर्षणानं ती वितळून लाकडात मुरते, आणि मग वाळल्या गवतानं घासली की काचेसारखी चमकते. साहेब कचेरीत नसताना हा गृहस्थ सुतारांकडे बसत असणार. तीच लाख जहाजातून युरोपात गेली आणि १९ व्या शतकात फ्रेंच पॉलिश हे नाव लावून परत आली. आपली सूचना हेड ऑफिसकडे जाऊन सर्क्युलर होऊन येते, तसंच हे.

लाखेचं आणखी एक उत्पन्न होतं, ते मला ठाऊक असायला हवं होतं. जुन्या तबकड्या लाखेच्याच. कलकत्त्याला सियालदाहला १९०८ साली रेकॉर्डींचा कारखाना निघाला. त्याआधी इथली गाणी जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायची. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचा तो मळलेला गोळा. १९२४ साली रांचीजवळ नामकूमला लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली, एवढा त्या मालाला भाव होता.

पेटी तयार झाली. मिस्त्री बाटलीत थोडं स्पिरिट ठेवून गेले होते. माळ्यावरची धूळ तबकडीवर घट्ट बसलेली, म्हणून मी कापूस स्पिरिटात बुडवला आणि आजोबांची सगळ्यात लाडकी तबकडी पुसायला घेतली. धूळ निघाली. कापूस काळा झाला. मला वाटलं, किती ही घाण! म्हणून आणखी जोरानं पुसली. बोट चिकटलं तेव्हा उजेड पडला की, जे निघत होतं ते गाणं होतं.

आईला सांगताना घसा कोरडा पडला. ती काही बोलली नाही. तबकडी हातात घेऊन खिडकीशी गेली, गुळगुळीत झालेल्या जागेवरून पदर फिरवला, उलटून दुसरी बाजू उजेडात धरली. मग पेटीच्या पहिल्या खणात ती बाजू समोर येईल अशी ठेवली आणि मला म्हणाली, “ती बाटली आधी मिस्त्रींना नेऊन दे.”