सोरट, कबुतरे आणि बंद पेटी

जत्रेत सोरटाचा फळा मांडून बसलेला माणूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पैसे द्यायचे, चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावरच्या क्रमांकाची वस्तू घ्यायची. बहुतेकांच्या हाती कंगवा नाहीतर शिट्टी येते. वर टांगलेले घड्याळ मात्र संध्याकाळपर्यंत तिथेच असते. आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइलवर हाच प्रकार ‘लूट बॉक्स’ या नावाने चालतो. खेळ फुकट मिळतो, पण त्यातली बंद पेटी पैसे देऊन घ्यावी लागते. तिच्यात दुर्मीळ शस्त्र निघेल, आवडता फुटबॉलपटू निघेल की क्षुल्लक वस्तू, हे उघडल्यावरच कळते. हा जुगार आहे का? असेल तर तो ओळखायला सरकारांना इतकी वर्षे का लागली? या प्रश्नांची उत्तरे शोधताना गणित, मानसशास्त्र आणि कायदा या तिन्हींच्या इतिहासात डोकवावे लागते.

दिसणारी शक्यता, लपलेली शक्यता

संभाव्यतेचे गणित जुगाराच्याच प्रश्नांतून पुढे आले. अर्धवट थांबलेल्या डावातील रक्कम दोन खेळाडूंत कशी वाटावी, यावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्यात पत्रव्यवहार झाला. त्यातून या शाखेचा पाया घातला गेला. फासा किंवा पत्ते यांच्या बाबतीत हे गणित कोणालाही करता येते, कारण फाशाच्या बाजू आणि पत्त्यांची संख्या सर्वांच्या डोळ्यांसमोर असते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे याने ‘लिबर्टी बेल’ नावाचे नाण्यावर चालणारे यंत्र बनवले. त्यात तीन चाके होती आणि प्रत्येक चाक दहा जागी थांबू शकत असे. म्हणजे एकूण शक्यता १० × १० × १०, अर्थात १०००. चिकाटीने निरीक्षण करणाऱ्याला येथेही हिशेब मांडता आला असता. १९८४ साली इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले आणि हे चित्र बदलले. त्यांच्या पद्धतीत संगणक आधी एक यादृच्छिक संख्या निवडतो आणि त्यानुसार चाक कोठे थांबायचे ते ठरते. मोठ्या बक्षिसाच्या चित्राला एकच संख्या द्यायची आणि रिकाम्या जागेला अनेक, असे करणे आता शक्य झाले. डोळ्यांना दिसणारे चाक आणि खरी शक्यता यांचा संबंध तुटला. लूट बॉक्सचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

कबुतराची चोच

याच्या काही दशके आधी हार्वर्ड विद्यापीठात बी. एफ. स्किनर कबुतरांवर प्रयोग करत होते. पेटीतल्या कबुतराने एका चकतीवर चोच मारली की दाणे मिळत. दर ठरावीक टोच्यांनंतर दाणे मिळत असतील, तर कबुतर दाणे खाऊन थोडे थांबे. पण दाणे कधी तीन टोच्यांनी, कधी चाळीस टोच्यांनी असे बेभरवशाने मिळू लागले की ते न थांबता टोचत राही. दाणे देणे पूर्ण बंद केल्यावरही ही सवय लवकर सुटत नसे. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली हे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर माणसाला खिळवून ठेवतात, असे स्किनर यांनी स्वतःच म्हटले होते.

माणूस म्हणजे कबुतर नव्हे, हे खरे. तरीही पेटी उघडण्यापूर्वीचा प्रकाशाचा झोत, वाढत जाणारे संगीत आणि दुर्मीळ वस्तू अगदी थोडक्यात हुकल्याचा भास हा सगळा थाट कशासाठी असतो, हे या प्रयोगांवरून उमगते.

जपानमधील ‘गाचा’

जपानमध्ये १९६०च्या दशकापासून दुकानांबाहेर नाणे टाकून मूठ फिरवायची यंत्रे दिसू लागली. ‘गाचा’ असा आवाज होई आणि ‘पोन’ करून प्लॅस्टिकच्या गोळ्यात बंद असलेले खेळणे खाली पडे. २००४ साली ‘मेपलस्टोरी’ या कोरियन खेळाच्या जपानी आवृत्तीत १०० येनच्या तिकिटावर चालणारे असेच यंत्र पडद्यावर आले. लूट बॉक्सचा प्रारंभ सामान्यतः येथून धरतात.

पुढे मोबाइलवरील खेळांत ‘कम्प्लीट गाचा’ निघाला. यंत्रातून निघणाऱ्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला, तरच मोठे बक्षीस मिळे. यातील मेख समजण्यासाठी वर्गात एक फासा पुरेसा आहे. १ ते ६ हे सर्व आकडे किमान एकदा पडेपर्यंत तो टाकत राहा. सरासरी किती वेळा टाकावा लागेल? पहिला नवा आकडा एका फेकीतच मिळतो. दुसऱ्यासाठी सरासरी १.२, तिसऱ्यासाठी १.५, चौथ्यासाठी २, पाचव्यासाठी ३ आणि सहाव्यासाठी ६ फेकी लागतात. बेरीज १४.७. निम्मा संच चारएक फेकींतच जमतो, उरलेल्या निम्म्यासाठी मात्र सुमारे ११ फेकी लागतात. मुलाला वाटते, ‘आता एकच तर राहिला!’ आणि नेमका तो एकच सर्वांत महाग पडतो. खेळातल्या वस्तू तर फाशाच्या बाजूंसारख्या समसमान शक्यतेच्याही नसतात.

मुलांनी यात मोठ्या रकमा घालवल्याच्या तक्रारी वाढल्या. २०१२च्या मे महिन्यात जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने हा प्रकार बेकायदा असल्याचे जाहीर केले. आधार जुगाराच्या कायद्याचा नव्हता; फसव्या बक्षिसांविरुद्धच्या १९६२च्या कायद्याचा होता. चित्रांचा संच जुळवायला लावून बक्षीस देण्यास त्या नियमांत आधीपासूनच मनाई होती. मात्र बंदी फक्त संचाच्या अटीवर आली. साधा गाचा चालूच राहिला.

जुगार कशाला म्हणायचे?

२०१७ साली ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळातील पेट्यांवरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा पाश्चात्त्य देशांना जाग आली. एप्रिल २०१८मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने तीन लोकप्रिय खेळांतील पेट्या बेकायदा जुगार ठरवल्या. नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या एका खेळासाठी कंपनीला १ कोटी युरोचा दंड झाला. पण मार्च २०२२मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. पेटी हा स्वतंत्र खेळ नाही, कौशल्याच्या मोठ्या खेळाचा एक भाग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. दोन शेजारी देशांनी एकाच वस्तूची अशी दोन उत्तरे दिली! आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा झाला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे.

विज्ञानाचे म्हणणेही जपून मांडले पाहिजे. झेंडल आणि केर्न्स यांनी २०१८ साली ७ हजारांहून अधिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. जुगाराची समस्या जितकी तीव्र, तितका पेट्यांवरचा खर्च जास्त, असा संबंध त्यांना आढळला. पण पेट्यांमुळे जुगाराची सवय लागते, की सवय असलेलेच पेट्यांकडे ओढले जातात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पेटी उघडणारा प्रत्येक मुलगा जुगारी होणार, असे विद्यार्थ्यांना सांगू नये. ते खरे नाही आणि मुलांना ते पटणारही नाही.

हिशेब उघडा असावा

एका मुद्द्यावर मात्र अनेक देशांचे एकमत होत चालले आहे: शक्यता लपवू नये. चीनने मे २०१७पासून ती जाहीर करणे सक्तीचे केले. दक्षिण कोरियात जानेवारी २०२४मध्ये ‘मेपलस्टोरी’च्याच कंपनीला सुमारे ११६० कोटी वोनचा दंड झाला. विकत घ्यायच्या एका वस्तूतून मिळणाऱ्या गुणांची शक्यता खेळाडूंना न सांगता कमी केली गेली होती. काही हव्याहव्याशा जुळण्यांची शक्यता तर चक्क शून्य करून ठेवली होती. लोक वर्षानुवर्षे पैसे मोजत होते, आणि त्या चिठ्ठ्या डब्यात नव्हत्याच! मार्च २०२४पासून तेथेही शक्यता जाहीर करणे बंधनकारक झाले. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत ‘गेनशिन इम्पॅक्ट’च्या कंपनीने २ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. अनेक प्रकारच्या आभासी नाण्यांमुळे मुलांना खरी किंमत कळत नाही, हा तेथील एक आक्षेप होता.

पण जाहीर केलेली शक्यता वाचता आली नाही, तर तिचा उपयोग काय? ‘१ टक्का’ म्हणजे शंभर पेट्यांत एक नक्की, असे बहुतेक मुले समजतात. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडूनही ती वस्तू न मिळण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के असते. शंभर मुलांनी शंभर-शंभर पेट्या घेतल्या, तर त्यांतील सुमारे ३७ जण रिकाम्या हाताने परततील.

दहावीच्या पुस्तकातील संभाव्यतेचा धडा शिकवताना फासा आणि नाणे यांच्या जोडीला हे उदाहरण अवश्य घ्यावे. मुलांनी आपापल्या खेळात लिहिलेली शक्यता शोधून आणावी, एका पेटीची किंमत रुपयांत काढावी आणि हवी ती वस्तू सरासरी कितीला पडेल ते फळ्यावर मांडावे. १ टक्का शक्यता आणि ५० रुपयांची पेटी असेल, तर उत्तर ५००० रुपये येते. खेळावे की नाही, हे त्यानंतर वर्गातच बोलता येईल.