छोट्या शाळेचा पट आणि निकाल कसा वाचायचा?

फैजपूरसारख्या गावात सहावी ते आठवीची सरकारी शाळा निवडताना पालकांनी काय पाहावं? शाळेच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकावरून वर्गवार पट, मुलं-मुली, सामाजिक प्रवर्ग आणि शिक्षकसंख्या कळते. मुलांना किती येतं, हे मात्र त्यातून कळत नाही.

निकालाची टक्केवारी जपून वाचा. २० मुलांच्या वर्गात एक मूल नापास झालं, तरी निकाल ५ टक्क्यांनी घसरतो. यावल तालुक्यात पावरी बोलणारी कुटुंबंही आहेत. त्यांच्या मुलांना मराठीत कमी गुण मिळाले, तर अडचण भाषेची असू शकते.

म्हणून आधी शिक्षक मोजा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या वर्गांत ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक हवाच.