भीमेवरची हिरवी साय

समुद्री मासे पाळण्यासाठी भरलेली नवी काचेची टाकी पहिल्या काही आठवड्यांत आधी तपकिरी आणि मग हिरवी होते. पाण्यातल्या सिलिकावर तपकिरी थर चढतो, उरलेल्या खाद्यातल्या आणि विष्ठेतल्या नत्र-स्फुरदावर हिरवे शेवाळ पोसते. पुढे जिवाणूंची घडी बसली, खाद्य बेताचे राहिले, की ते ओसरते. धरणाचे नवे पाणीही असेच वागते. बुडालेल्या काळ्या जमिनीतला पालापाचोळा कुजतो, पाणी काही वर्षे सुपीक होते आणि नंतर ती सुपीकता उतरणीला लागते. भीमेवरचे उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्याचा फुगवटा दौंड तालुक्याच्या पूर्व टोकापर्यंत आला. नवेपणाची ती मुदत कधीच सरली आहे, तरी पाणी हिरवेच आहे. म्हणून या हिरवेपणाचे कारण धरणाच्या तळाशी शोधण्यापेक्षा वरून येणाऱ्या पाण्यात शोधले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

भीमा भीमाशंकरहून निघते तेव्हा तिच्यात पोसण्यासारखे फारसे काही नसते. तुळापूरला इंद्रायणी मिळते, पुढे शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा मिळते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांचे सांडपाणी या दोन नद्यांतून भीमेत उतरते. त्यात पाण्याला खळखळून वाहायला जागा राहिलेली नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी उसाला पाणी दिले हे खरेच, पण त्यांनी नदीचे डबक्यांच्या माळेत रूपांतरही केले. साचलेले, उबदार, खतावलेले पाणी – त्यावर हिरवी पसरणाऱ्या जलपर्णीला आणखी काय हवे? ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि तिथे इतकी माजली की १९३६ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला. कायद्याने ती संपली नाही. १९८३ मध्ये तिला खाणारे भुंगेरे बंगळूरमध्ये सोडले गेले. काही तलावांत त्यांनी चांगले काम केले. पण भुंगेरा पान खातो, पाण्यातले स्फुरद नव्हे.

यावर दौंडचा शेतकरी विचारील की दोष सगळा शहराचाच का, उसाला टाकलेले खत कुठे जाते? त्याचा वाटा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र शेतातले खत मुख्यतः पावसाच्या पाण्याबरोबर नदीत येते, सांडपाणी बारा महिने येते. पुरात वाहून गेलेली जलपर्णी हिवाळ्या-उन्हाळ्यात, नदीला दुसरे पाणी जवळपास नसते त्याच दिवसांत पुन्हा माजते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जलपर्णी नत्र-स्फुरद शोषते, मग ती नदी स्वच्छच करते ना? करते, पण ती काढून लांब नेऊन खत केले तरच. काठावर ढीग लावून ठेवली तर पहिल्या पावसात शोषलेले सारे परत पाण्यात. आणि तिथेच कुजली तर विरघळलेला प्राणवायू संपून मासळी मरते, ज्याची किंमत फुगवट्यावर जाळे टाकणारा भोई मोजतो.

आवक तोडल्याने पाणी निवळते, याचा दाखला अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात आहे. १९५५ मध्ये तिथे सांडपाण्यावर पोसणारे निळे-हिरवे शेवाळ दिसले. १९६३ ते १९६८ दरम्यान शहरांनी सगळे सांडपाणी सरोवरापासून वळवले. शेवाळ खरवडायला कोणी गेले नव्हते. सत्तरच्या दशकात पाणी आपोआप नितळले. भीमा सरोवर नाही, आणि तिच्यात येणारे सांडपाणी वळवून टाकायला जवळ समुद्रही नाही. त्यामुळे इथे शुद्धीकरणाला पर्याय उरत नाही, आणि शुद्धीकरण म्हणजे केवळ घाण गाळणे नव्हे, स्फुरद काढणे. जलपर्णी किती टन काढली याचे आकडे ठेवतात, तसेच रांजणगाव सांडसच्या संगमात दर महिन्याला किती स्फुरद उतरते याचे आकडेही काठच्या ग्रामपंचायतींपुढे ठेवले पाहिजेत.