विमा कंपनी निघून जाते तेव्हा : अमेरिकेच्या मेडिकेअरचा धडा

गेल्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात आरोग्याच्या हक्कावर चर्चा चालू होती. एक तरुण म्हणाला, "दादा, सरकारी दवाखान्यात काय ठेवलंय? सरकारने हप्ता भरावा, विमा खाजगी कंपनीने चालवावा. कंपनीने गडबड केली तर कायदा आहेच की!"

त्याचा राग मला समजतो. सरकारी केसपेपरच्या रांगेत ज्याची आई तासन् तास उभी राहिली, तो असेच बोलणार. मी त्याला एवढेच विचारले, "कंपनीने गडबड केली तर कायदा आहे, मान्य. पण कंपनी निघूनच गेली तर?"

वर्ग गप्प झाला. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लाखो म्हाताऱ्या माणसांनी भोगून दिले आहे. चळवळीतल्या प्रत्येकाने ते वाचले पाहिजे.

मेडिकेअर ही अमेरिकेतील ६५ वर्षांवरील नागरिकांची सरकारी आरोग्य विमा योजना. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली आणि १ जुलै १९६६ पासून योजना सुरू झाली. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत काळ्या रुग्णांसाठी वेगळे वॉर्ड होते, काही रुग्णालयांत तर त्यांना प्रवेशच नव्हता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सांगितले होते, की केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशभेद करता येणार नाही. सरकारने तीच अट मेडिकेअरला लावली. वेगळे वॉर्ड बंद करा, नाहीतर मेडिकेअरचा पैसा विसरा. पिढ्यान् पिढ्या जे बदलले नव्हते, ते बहुतेक रुग्णालयांत काही महिन्यांत बदलले. रुग्णालयांच्या मालकांना एका रात्रीत माणुसकी सुचली होती का? नाही. पैशाची चावी राज्याच्या हातात होती आणि राज्याने ती फिरवली.

पुढे ही चावी हळूहळू दुसऱ्याच्या हातात गेली. १९८२ च्या कायद्याने 'मॅनेज्ड केअर' कंपन्यांना मेडिकेअरमध्ये वाट करून दिली. पद्धत सोपी होती. सरकार कंपनीला प्रत्येक वृद्धामागे दरमहा ठरलेली रक्कम देणार, कंपनी आपल्या यादीतील डॉक्टर-रुग्णालयांकडून उपचार करून देणार. त्या भागातील सरासरी खर्चाच्या ९५ टक्के रक्कम द्यायची, म्हणजे सरकारचे ५ टक्के वाचतील, असा हिशोब होता. पण कंपन्यांकडे तुलनेने धडधाकट माणसे गेली आणि बचतीचा हिशोब कागदावरच राहिला. वृद्ध तिकडे का गेले? मूळ मेडिकेअरमध्ये घरी घ्यायच्या गोळ्या-औषधांचा खर्च मिळत नव्हता आणि अनेक कंपन्या तो देत होत्या. ज्यांना वेगळी पूरक विमा पॉलिसी परवडत नव्हती, त्यांच्यासाठी हा मोठा आधार होता.

१९९७ मध्ये अमेरिकी संसदेने 'बॅलन्स्ड बजेट अॅक्ट' आणला. कंपन्यांच्या योजनांना 'मेडिकेअर प्लस चॉइस' असे नाव मिळाले. चॉइस म्हणजे निवड! त्याच कायद्याने कंपन्यांना मिळणाऱ्या पैशाची वाढही आवळली. बऱ्याच मोठ्या शहरी भागांत ती वर्षाला २ टक्क्यांवर आली. मग निवड कोणी केली? कंपन्यांनी. १९९९ च्या सुरुवातीला सुमारे ४ लाख वृद्धांच्या योजना बंद झाल्या. २००० मध्ये आणखी ३ लाखांहून अधिक, २००१ मध्ये ९ लाखांहून अधिक आणि २००२ मध्ये ५ लाखांहून अधिक लोकांवर तीच पाळी आली. अनेक ग्रामीण जिल्ह्यांत दुसरी कंपनीच उरली नाही.

आता आपल्या तरुण मित्राचा मुद्दा घेऊ. कायदा होता की नव्हता? होता, आणि बऱ्यापैकी तपशीलवार होता. निघणाऱ्या कंपनीने सरकारला ठरलेल्या मुदतीत कळवायचे. प्रत्येक सदस्याला किमान ९० दिवस आधी पत्र पाठवायचे आणि पुढे कोणते पर्याय आहेत ते त्यात लिहायचे. योजना गेलेल्या माणसाला ६३ दिवसांच्या आत ठरावीक प्रकारच्या पूरक पॉलिसी आजाराचे कारण काढून नाकारता येणार नाहीत. आणि सगळ्यात मोठा अडसर म्हणजे एकदा करार सोडला की त्या कंपनीला ५ वर्षे पुन्हा प्रवेश बंद.

हे अडसर नीट तपासा. करार दरवर्षी नवा व्हायचा. वर्षअखेरीस तो पुढे चालवायचा नसेल तर कंपनीला सबळ कारण दाखवावे लागत नव्हते. म्हणजे कायदा कंपनीला 'सभ्यपणे जा' एवढेच सांगत होता, 'जाऊ नकोस' असे सांगत नव्हता. पूरक पॉलिसीची जी हमी होती, त्या पॉलिसींमध्ये औषधांचा खर्च नव्हता. ज्या औषधांसाठी माणूस कंपनीकडे गेला होता, नेमकी तीच हातून गेली. ६५ वर्षांखालील अपंगांनाही मेडिकेअर मिळते, पण त्यांना पूरक पॉलिसी विकण्याची सक्ती केंद्राच्या कायद्याने कंपन्यांवर केलीच नव्हती. सगळ्यात दुबळ्या माणसापाशीच कायदा तोकडा पडला.

आणि त्या ५ वर्षांच्या बंदीचे काय झाले? नोव्हेंबर १९९९ मध्ये, म्हणजे पहिल्या मोठ्या गळतीनंतर वर्षभरातच, संसदेने ती २ वर्षांवर आणली. कंपन्या परत याव्यात म्हणून! जिथे एकही योजना नाही अशा जिल्ह्यांत येणाऱ्या कंपनीला जादा पैसे देऊ केले. २००० च्या अखेरीस दर वाढवले, २००३ च्या कायद्याने आणखी वाढवले आणि नाव बदलून 'मेडिकेअर अॅडव्हान्टेज' केले. कंपन्या परतल्या. २०२३ पर्यंत मेडिकेअरमधील निम्म्याहून अधिक पात्र लोक त्यांच्याकडे होते. ज्याच्या हातात निघून जाण्याची धमकी असते, तो कायदाही आपल्या बाजूने वाकवून घेतो, हा या इतिहासाचा खरा धडा आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कंपनीने सोडलेले हे लाखो वृद्ध पूर्णपणे रस्त्यावर आले नाहीत, कारण खाली मूळ सरकारी मेडिकेअर शाबूत होती. दुसरी कंपनी मिळाली नाही तर माणूस तिथे परत जात होता. ती जमीन नसती तर ९० दिवसांचे पत्र म्हणजे नुसता कागद ठरला असता.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, अशी स्पष्ट तरतूद सुचवली होती. राज्याचे नियंत्रण काढून घेतले की उरते ते सर्वांचे स्वातंत्र्य नसते, ते मालकांचे स्वातंत्र्य असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेच्या 'चॉइस'ने तो पुराव्यासह सिद्ध केला.

आपल्याकडे २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी आरोग्य योजना विमा कंपनीला हप्ता भरूनच उभी राहिली. ती कंपनी सरकारी होती, तरी करार हा करारच असतो. म्हणून कार्ड किती लाखांचे, एवढ्यावर आपण थांबू नये. करार कोणाशी आहे? तो कधी संपतो? तो मोडला तर चालू डायलिसिस आणि केमोथेरपीचा खर्च कोण भरणार? माहितीच्या अधिकारात हे प्रश्न विचारा. आणि त्याच वेळी सरकारी रुग्णालयात डॉक्टर आणि औषधे यांच्यासाठी मोर्चा काढा, कारण कंपनी गेल्यावर आपल्या पायाखाली उरणारी जमीन तीच आहे.

त्या तरुणाला मी हेच सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे रांग सोडून पळायचं नाही, रांग दुरुस्त करायची."

बरोबर बोललास भावा. जय भीम!